वेरूळच्या घाटातले तुराणी

तुम्ही 1710 सालच्या वेरूळात आहात. पावसाळा सरत आलाय. कैलास लेण्याच्या अंगणात शेवाळ माजलंय आणि दगडी हत्तीपाशी दोन घोडेस्वार मान वर करून पाहताहेत. गालाची हाडं वर आलेली, दाढी विरळ, इथल्या दमट उन्हात अंगात जाड डगला. आपसात ते तुर्कीत बोलतात. भोसल्यांच्या या गावात लोक त्यांना सरसकट मोगल म्हणतात. दरबारात मात्र त्यांची ओळख तुराणी: बुखारा-समरकंदकडून पोटासाठी दख्खनेत आलेली मूठभर माणसं.

राष्ट्रकूट राजा कृष्णाच्या काळात, 8व्या शतकात हा कातळ कोरला जात होता. त्याच शतकात, 732 साली, मंगोलियात ओर्खोनकाठी तुर्कांनी कुल तिगीन या राजपुत्राचा शिलालेख उभारला. सैबेरियात येनिसेईकाठीही त्याच वळणाच्या लिपीतले दगड आहेत. या स्वारांना त्याची गंधवार्ता नसेल, तरी त्यांची बोली त्याच गोतातली.

त्यांच्यामागे घाट चढा. वर खुलदाबादेत औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची कबर आहे. बादशहा जाऊन तीनच वर्षं झालीत, आणि पगाराचा भरवसा उरलेला नाही. स्वार तिथे फार रेंगाळत नाहीत. त्यांना औरंगाबादेत खाम नदीकाठचा तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, गाठायचाय.

तिथे बाबा शाह मुसाफिर आहेत, बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश फौजेबरोबर फिरत. ते 1699 साली वारले. दारात बसा आणि नीट पाहा. मुलूख सोडून नुकताच आलेला, चाकरी न मिळालेला पोरगा इथे जेवतो. ज्याला पगार मिळाला, तो नजराणा ठेवून जातो. परमुलखात गावकीचा आधार असावा, तसा या माणसांना हा तकिया.

पुढे तुर्कताज खान या सरदाराने इथे पाणी खेळवलं: डोंगराकडच्या झऱ्यातून मातीच्या नळांनी आणलेलं, पाणचक्की फिरवणारं. तकियातल्या माणसांसाठी तिच्यावर दळण पडायचं. तुराण्यांतले काही तर फार वर चढले: समरकंदहून आलेल्या आबिद खानाचा नातू निजाम-उल-मुल्क 1748 साली खुलदाबादेतच दफन झाला.

बखरींत अशा सरदारांनाच जागा मिळते. मला मोलाचा वाटतो तो शाह महमूद, बाबा मुसाफिरांचा शिष्य. त्याने तकियाच्या हकिकती फारसीत लिहून ठेवल्या. कर्जात बुडालेले, घरच्या आठवणीने झुरणारे, बढतीसाठी दुवा मागायला येणारे शिपाई आपल्याला भेटतात ते त्याच्याच पानांत.