किनारा आधी सरकारजमा झाला

मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्याची अलीकडची गोष्ट एका ठरावीक चालीत सांगितली जाते. २१ मे २००६च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूने ५५.५ टक्के मते पडली, ५५ टक्क्यांची अट जेमतेम पार झाली आणि सर्बियापासून फारकत झाली. चलन २००२पासूनच युरो होते. मग रशियन आले, ब्रिटिश आले आणि बुडवा, कोटोर, तिवातमधल्या घरांचे भाव बघता बघता चढले. यातले काहीच खोटे नाही. पण घेणारा कोण, त्याचा पासपोर्ट कुठला, त्याने किती मोजले, एवढ्यावरच ही गोष्ट संपते. विकणारा कोण होता आणि त्याच्या हाती जमीन आली कुठून, हे सहसा विचारले जात नाही. ते विचारले की २००६ मागे पडते आणि १९५०चे दशक पुढे येते. परक्या भांडवलाकडे गेलेले इथले मोठे आणि मोक्याचे तुकडे बहुतेक आधीच सरकारच्या ताब्यात होते. बाजार भांडवलशाहीत भरला हे खरे, पण त्यातला बराचसा माल समाजवादाने गोळा करून ठेवला होता.

जमीनजुमल्याची खरेदीविक्री इथे नवी नव्हतीच. कोटोरच्या नोटरींची दप्तरे १३२६पासूनची शिल्लक आहेत. घरे, द्राक्षमळे, हुंडे, कर्जे असे व्यवहार त्यांत लॅटिनमध्ये टिपलेले आहेत. १४२० ते १७९७ या काळात कोटोरवर व्हेनिसची सत्ता होती. पुढे ऑस्ट्रियाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाल्मेशिया प्रांताची मोजणी करून नकाशे काढले, त्यात कोटोरचे आखातही आले. म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या तोडीचा कागद इथल्या घरमालकाच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या होता. शिवाय हा किनारा तेव्हा मॉन्टेनेग्रोचा नव्हताच. डोंगरातल्या त्या छोट्या राज्याला बर्लिनच्या तहाने १८७८मध्ये बार मिळाले, १८८०मध्ये उल्सिन मिळाले, तेव्हा कुठे त्याचे पाय समुद्राला लागले. कोटोर, तिवात, बुडवा १९१८पर्यंत ऑस्ट्रियाच्या अमलाखाली राहिले आणि मॉन्टेनेग्रोत त्यांची गणना झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. आज जे सरकार या किनाऱ्याचे करारमदार करते, त्याच्या हाती हा मुलूख येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

सरकारचा हा हात किनाऱ्यावर कसा बसला, ते कायद्यात दिसते. मॉन्टेनेग्रो तेव्हा ज्याचा भाग होता त्या समाजवादी युगोस्लाव्हियाने १९५८मध्ये भाड्याने दिलेल्या इमारती आणि शहरांतली बांधकामाची जमीन राष्ट्रीयीकृत केली. खाजगी माणसाकडे फार तर दोन मोठे किंवा तीन छोटे फ्लॅट असलेले घर राहू शकत होते. ज्याचे घर त्याच्याकडे राहिले, त्याचीही खालच्या जमिनीवर मालकी उरली नाही, वापराचा हक्क तेवढा उरला. स्वेती स्टेफानमध्ये तर आख्खे गावच गेले. वाळूच्या चिंचोळ्या पट्टीने किनाऱ्याला जोडलेले हे खडकाळ बेट. पाश्त्रोविची जमातीने पंधराव्या शतकात त्याला तट बांधला. लाल कौलांची दगडी घरे एकमेकांना पाठ लावून उभी, मधून पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या. १९५०च्या दशकात उरल्यासुरल्या रहिवाशांना समोरच्या किनाऱ्यावर हलवले गेले, भिंती बाहेरून होत्या तशा ठेवल्या आणि कोळ्यांच्या घरांत हॉटेलच्या खोल्या काढल्या. १९६०मध्ये हॉटेल सुरू झाले आणि सोफिया लॉरेन, एलिझाबेथ टेलर यांच्यासारखे पाहुणे येऊ लागले. शेजारी मिलोचेरला युगोस्लाव्हियाच्या राणीचा उन्हाळी वाडा होता, युद्धानंतर तोही सरकारी झाला. २००७मध्ये बेट आणि वाडा हे दोन्ही एका आंतरराष्ट्रीय हॉटेल कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता आले, ते म्हणूनच. गाव वस्तीचे राहिले असते, तर कंपनीला घराघराच्या वारसांची मनधरणी करत बसावे लागले असते. इथे करार एकाच धन्याशी होता. २०२१मध्ये हॉटेल बंद पडले ते पुळणीच्या वादात: तिथे जायचा हक्क कोणाचा, पाहुण्यांचा की गावकऱ्यांचा?

तिवातची हकीकत वेगळी, पण वळण तेच. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमाराने १८८९मध्ये इथे गोदी उभारली. पुढे ती आधी युगोस्लाव्ह राजसत्तेकडे, मग टिटोच्या नौदलाकडे गेली. २००६मध्ये ती कॅनेडियन उद्योगपती पीटर मंक यांच्या गटाला विकली गेली आणि तिथे पोर्तो मॉन्टेनेग्रो नावाचा मरिना आणि आलिशान फ्लॅटांची वसाहत झाली. ‘हेरॉय’ नावाची जुनी पाणबुडी आज तिथे जमिनीवर टेकवून ठेवली आहे. समोर धनिकांच्या बोटी लागतात. सैनिकी जागा विकासकाला सोयीची असते: ती मोठी असते, सलग असते, समुद्राला लागून असते आणि तिच्यावर वारसांची भांडणे नसतात.

यावर कोणी म्हणेल, गावकऱ्यांनीही जमिनी विकल्याच की! विकल्या, आणि कितीतरी. बुडव्याच्या आसपास शेताचा तुकडा विकून माणसे एका उन्हाळ्यात श्रीमंत झाली. कोटोरच्या आखातातल्या पेरास्तसारख्या गावात शिडाची जहाजे गेली, कप्तान गेले आणि मागे उरलेल्या वाड्यांचे हिस्सेदार देशोदेशी पांगले. तिथे विक्रीला सरकारची गरज नव्हती. पण शेताला प्लॉटचा भाव आणतो तो आराखडा, आणि तो मंजूर करणारे सरकारच. आपल्या वाचकाला बिगरशेतीचा शिक्का कळतो, त्याला हे वेगळे सांगायला नको. २०१९ ते २०२२ या काळात गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजना होती. किनाऱ्यावर साडेचार लाख युरो, मागास उत्तर भागात अडीच लाख. पण पैसा कुठेही टाकून चालत नव्हते, सरकारने मान्य केलेल्या प्रकल्पातच टाकावा लागे. घेणारा परका असला, तरी दुकानाची किल्ली कोणाकडे होती ते यावरून कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरकारने जमीन धरून ठेवली म्हणून काही किनारा वाचला. हे मान्य करायलाच हवे. समुद्रालगतची पट्टी कायद्याने सरकारची आहे. ती विकता येत नाही, भाड्याने देता येते. बुडव्यात जिथे खाजगी विक्री मोकाट सुटली, तिथे इमारतींची दाटी झाली. उलट उल्सिनची बारा-तेरा किलोमीटरची ‘वेलिका प्लाझा’ ही पुळण बरीचशी मोकळी राहिली. उल्सिनच्या मिठागरांवर पाखरे उतरतात, २०१९मध्ये त्यांना निसर्गोद्यानाचा दर्जा मिळाला. पण ही राखण धोरणाची की केवळ गिऱ्हाईक न मिळाल्याची, याबद्दल मला शंका आहे. २०२५च्या मार्चमध्ये मॉन्टेनेग्रोने संयुक्त अरब अमिरातीशी पर्यटन आणि स्थावर मालमत्तेच्या विकासाचा करार केला. त्याखालच्या प्रकल्पांना सार्वजनिक निविदांच्या नियमांतून सूट दिली. उल्सिनची माणसे रस्त्यावर उतरली ती वेलिका प्लाझाच्या याच पुळणीसाठी, आणि त्यांचा सवाल अमिरातीतल्या गुंतवणूकदाराला नव्हता, राजधानी पोडगोरिकातल्या सरकारला होता.