परदेशातून मागवलेल्या पार्सलवर कस्टम ड्युटी किती आणि का लागते?

परदेशी वेबसाइटवर ऑर्डर करताना पत्ता नाशिकचा टाकला, कार्डवरून पैसे गेले. पण तेवढ्यावर खर्च संपेलच असं नाही. काही दिवसांनी ट्रॅकिंगमध्ये 'हेल्ड बाय कस्टम्स' असं दिसतं आणि मग ड्युटी भरण्याचा मेसेज येतो. पूर्ण पैसे दिलेत, मग हे कशाचे?

कायद्याच्या नजरेत अशी वस्तू मागवणारा हा 'आयातदार' असतो. दुकान चालवत नसाल, एकच हेडफोन मागवला असेल, तरीही. त्यामुळे कस्टम्स कायदा १९६२ नुसार शुल्काची जबाबदारी विक्रेत्यावर नाही, तर ज्याच्या नावाने पार्सल आलं त्याच्यावर येते. काही साइट्स शुल्क आधीच घेतात. तसं असेल तर ऑर्डरच्या पानावर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल, तर शुल्क वेगळं लागेल असं धरून चालावं.

निर्णय कुठे होतो?

नाशिकचं पार्सल साधारणपणे मुंबईत तपासलं जातं. पोस्टाने आलं तर बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात आणि खासगी कुरिअरने आलं तर विमानतळाजवळच्या कुरिअर टर्मिनलवर. ४२२ ने सुरू होणाऱ्या पिनकोडकडे ते निघतं, तेव्हा शुल्क ठरलेलं असतं. त्यामुळे पोस्टमनशी दारात वाद घालण्यात अर्थ नाही. तो फक्त रक्कम गोळा करतो, ती कमी करू शकत नाही. कुरिअर कंपन्या मात्र अनेकदा तुमच्या वतीने शुल्क भरतात आणि त्यावर स्वतःची फी लावतात. सरकारी शुल्क किती आणि कंपनीची फी किती, हे बिलात वेगळं मागून घ्या.

करावर कर

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक खर्च आणि विमा यांच्या बेरजेवर आधी मूळ सीमाशुल्क लागतं. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्याच्या एकूण बेरजेवर आयजीएसटी.

समजा वस्तू ५,००० रुपयांची आहे आणि वाहतूक व विमा मिळून १,००० रुपये. म्हणजे हिशोब ६,००० वर. २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर मूळ शुल्क ३५ टक्के होतं, म्हणजे २,१०० रुपये. अधिभार २१०. बेरीज झाली ८,३१०. त्यावर २८ टक्के आयजीएसटी, २,३२६ रुपये ८० पैसे. एकूण कर ४,६३६ रुपये ८० पैसे, म्हणजे ७७.२८ टक्के! जुन्या पोस्ट आणि व्हिडिओंमध्ये हाच आकडा अजून फिरतो.

तो आता जुना झाला. मूळ शुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवर आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयजीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. १० टक्के शुल्क, त्यावर पूर्वीसारखाच अधिभार आणि १८ टक्के आयजीएसटी धरला, तर त्याच पार्सलवर १,८५८ रुपये ८० पैसे होतात.

सगळ्या वस्तूंना हा एकच हिशोब लागू नाही. छापील पुस्तकांवर २०१९ पासून ५ टक्के सीमाशुल्क आहे, जीएसटी नाही. ड्रोन आणि ई-सिगारेट तर मागवूच नका, त्यांच्या आयातीवर बंदी आहे.

'गिफ्ट' लिहिलं तर?

पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू शुल्काशिवाय येत असे. ही सवलत नातेवाइकांसाठी होती, पण ई-कॉमर्स कंपन्या, विशेषतः चिनी साइट्स, ग्राहकांची ऑर्डर 'भेट' म्हणून पाठवू लागल्या. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने सरकारने हा मार्ग बंद केला. अपवाद दोनच उरले: जीवनरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची चॉकलेटं त्यात बसत नाहीत. अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेलं पाकीट आणि खोक्यात फरक पडतो तो यामुळे.

विक्रेत्याने किंमत मुद्दाम कमी लिहिली तरी धोका तुमचाच. अधिकारी ती किंमत नाकारू शकतात, माल जप्त होऊ शकतो, दंडही लागू शकतो. वस्तू खरोखर सेलमध्ये स्वस्त मिळाली असेल, तर पैसे भरल्याची पावती जपून ठेवा.

मेसेज खरा की खोटा?

'हेल्ड' म्हणजे गुन्हा नव्हे. बऱ्याचदा केवायसीची कागदपत्रं राहिलेली असतात. याच भीतीचा फायदा ठग घेतात: पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, अटक टाळायची तर लगेच पैसे पाठवा. सीमाशुल्क विभाग फोन किंवा मेसेज करून खासगी खात्यात पैसे मागत नाही. विभागाच्या पत्रव्यवहारावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ट्रॅकिंग क्रमांकही मेसेजमधल्या लिंकवर नाही, तर कुरिअर कंपनीच्या किंवा टपाल खात्याच्या साइटवर स्वतः टाकून पाहा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.