चित्रखुणांना शब्दांची जोड देणारी ‘टूलटिप’

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने ठोकलेल्या खुणा दिसतात. वनकर्मचाऱ्याला त्या चटकन उलगडतात, पाहुण्याला नाही. संकेतस्थळाच्या मेन्यूतील चित्रांचेही तसेच असते. घर म्हणजे मुखपृष्ठ आणि भिंग म्हणजे शोध, हे बहुतेकांच्या अंगवळणी पडले आहे. पण नरसाळे किंवा दातेरी चाक दिसले की नवखा वाचक थबकतो. अशा वेळी माऊसचा बाण चित्रावर नेताच शेजारी उमटणारी शब्दांची पट्टी, म्हणजेच ‘टूलटिप’, उपयोगी पडते. ‘अ‍ॅपल’ने १९९१ मध्ये ‘सिस्टीम ७’सोबत आणलेली ‘बलून हेल्प’ याच जातीची होती.

टूलटिप देण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ‘एचटीएमएल’मध्ये दुव्याला ‘टायटल’ हा गुणधर्म जोडणे. पट्टी ब्राउझर स्वतःच दाखवतो. मराठी संकेतस्थळांना मात्र यात एक निराळाच जाच सोसावा लागला. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक वृत्तपत्रे आपापले फॉण्ट वापरीत. पानावरील मजकूर देवनागरीत दिसे. पण टूलटिप संगणकाच्या स्वतःच्या फॉण्टमध्ये उमटत असल्याने तसाच लिहिलेला मराठी शब्द तेथे रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणी होऊन प्रकटे. युनिकोडमुळे ही अडचण संपली.

‘टायटल’च्या मर्यादा मात्र कायम आहेत. पट्टी क्षणभर उशिरा येते, तिचे रूप बदलता येत नाही आणि कळफलकाने दुव्यावर गेल्यास ती बहुधा उमटतच नाही. म्हणून पुष्कळ संकेतस्थळे स्वतःची पट्टी तयार करतात. अशा पट्टीसाठी जून २०१८ मधील ‘डब्ल्यूसीएजी २.१’ या जागतिक सुलभता निकषांनी तीन अटी घातल्या आहेत. बाण न हलवता पट्टी बंद करता यावी, बाण पट्टीवर नेल्यास ती नाहीशी होऊ नये आणि वाचून होईपर्यंत ती टिकावी. अंध वाचकाच्या स्क्रीनरीडरसाठी चित्राचे नाव ‘आल्ट’मध्ये किंवा ‘एरिया-लेबल’मध्ये वेगळे द्यावे लागते. केंद्र सरकारने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही चित्रांना पर्यायी मजकूर देण्यावर भर आहे.

खरी गोम पुढेच आहे. मोबाईलच्या पडद्यावर बाणच नसतो. बोट टेकले की दुवा थेट उघडतो. मराठीबरोबरच माडिया आणि तेलुगू कानी पडणाऱ्या आलापल्लीत एखादा तरुण दाखल्याचा अर्ज मोबाईलवर शोधू लागला, तर माऊससाठी केलेली सारी मेहनत त्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच. मुख्य मेन्यूतील नावे टूलटिपमध्ये दडवण्यात त्यामुळे शहाणपण नाही. ‘दाखले’, ‘तक्रार’, ‘संपर्क’ असे छोटे मराठी शब्द चित्राखाली कायम दिसावेत आणि टूलटिपने अधिकची माहिती तेवढी द्यावी. काम नीट झाले की नाही, हे माऊस बाजूला ठेवून केवळ ‘टॅब’ कळीने मेन्यू चालवून पाहिल्यास पाच मिनिटांत कळते.