अबिसिनियाचा छापखाना आणि मराठीचे खिळे

भारतातला पहिला छापखाना भारतासाठी निघालाच नव्हता. १५५६ च्या मार्चमध्ये लिस्बनहून निघालेल्या जेझुइट पाद्रींना तो अबिसिनियात न्यायचा होता. गोवा हा वाटेतला मुक्काम. ६ सप्टेंबरला ते गोव्यात उतरले. अबिसिनियाचा राजा त्यांच्या स्वागताला उत्सुक नव्हता, आणि छापखाना जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजातच मांडला गेला. बुस्तामांते या जेझुइट मुद्रकाने त्याच वर्षी काम सुरू केले. पुढची हकिगत अ. का. प्रियोळकरांनी सविस्तर लिहिली आहे.

खरी गोम मराठीच्या वाट्याला आली तिथे आहे. १६१६ साली सासष्टीतल्या राशोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, अक्षरे मात्र रोमन!

असे का? एक मत असे की पाद्रींना नागरी नकोच होती. देशी लिपीबरोबर देशी धर्म मागे राहील, ही भीती. हे मत पटण्यासारखे वाटते, पण पुराव्यापुढे टिकत नाही. याच संघाच्या जुवांव गोन्साल्विसने १५७७ मध्ये गोव्यात तमिळ खिळे पाडले होते आणि १५७८ मध्ये कोल्लमला तमिळ पुस्तकही छापले गेले. मग नागरीशीच वैर कशाला? शिवाय खुद्द स्टीफन्सने १६०८ साली रोमला संघप्रमुखाकडे पत्र धाडले. देशी भाषेतली पुस्तके देशी लिपीतच छापायची त्याची इच्छा होती; पण साचे सहाशेच्या घरात जातात, युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, ही त्याची अडचण.

तमिळ लिपीत जोडाक्षरांचा पसारा नाही. नागरीत ‘क्ष’, ‘त्र’, ‘स्त्र’ आले, वर वेलांट्या, उकार, रफार. प्रत्येक जोडणीला वेगळा खिळा. मराठीला रोमन पेहराव चढला तो धर्मधोरणामुळे नव्हे, या जोडाक्षरांमुळे, हाच निष्कर्ष बळकट ठरतो. पाद्रींना चर्चमध्ये रोमन वाचणे सोपे जाई हेही खरेच, पण तो दुय्यम फायदा.

नागरी हद्दपार झाली नव्हती, याचा साक्षीदार लंडनमध्ये आहे. मार्सडेन संग्रहातले ‘क्रिस्तपुराणा’चे हस्तलिखित नागरीतच आहे. हाताला सहाशे साच्यांची गरज नसते.

नागरी खिळ्यांतले मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने छापले, तो बाप्टिस्ट. ‘क्रिस्तपुराण’ नागरीत छापून यायला मात्र १९५६ उजाडले. ती आवृत्ती शांताराम बंडेलूंनी संपादिली आणि निघाली पुण्याहून.