एकोणपन्नास नंबरचं क्रोम

२०१६ साली विंडोज एक्सपीच्या संगणकावर क्रोम उघडलं की पानाच्या वर एक पट्टी यायची. या संगणकाला यापुढे अपडेट मिळणार नाहीत, असं ती सांगायची. पट्टीच्या कोपऱ्यात फुली होती, ती दाबली की पट्टी जायची आणि काम सुरू व्हायचं. त्या एप्रिलमध्ये गुगलने एक्सपी आणि व्हिस्टासाठी क्रोम देणं थांबवलं आणि ४९ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती ठरली. आमच्याकडे मात्र ते क्रोम पुढेही वर्षानुवर्षं चाललं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्यातूनच भरलं गेलं.

गोंदियापासून पाचेक किलोमीटरवरचं आमचं नागरा लोक ओळखतात ते महादेवाच्या जुन्या मंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे. मी इथे सेवा केंद्र चालवतो, त्याआधी गोंदियात एका सायबर कॅफेत बसायचो. आमच्या या धंद्याचा इतिहास सांगताना लोक मोडेम, ब्रॉडबँड, लोडशेडिंग यांबद्दल बोलतात. ज्या खिडकीतून हा सगळा धंदा चालला, त्या ब्राउझरबद्दल कोणी बोलत नाही. खरं तर गावाची कागदपत्रं किती सुरक्षित राहिली, हे त्या खिडकीवरच ठरत आलंय.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशातल्या मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला होता. वेबपानात हालचाल आणणारी ही भाषा नेटस्केपच्या २.० आवृत्तीतून बाहेर पडली. त्या आवृत्तीची चाचणीप्रत आली तेव्हाच, म्हणजे ऑक्टोबर १९९५ मध्ये, तिच्यातल्या चुका शोधणाऱ्यांना कंपनीने बक्षीस जाहीर केलं. चुका निघणार, हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हाती संगणकाची मेमरी थेट येत नाही. भाषा म्हणून ती सोवळी आहे. पण ती चालवणारं इंजिन सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं असतं आणि तिथे मेमरी मागायची, वापरायची, परत करायची ही सगळी जबाबदारी माणसाची. परत केलेल्या जागेचा पत्ता कुठेतरी शिल्लक राहिला की घात होतो. जमीन विकली, फेरफार झाला, नवा मालक धान लावतोय, पण जुन्या मालकाच्या पोराने जुना सातबारा जपून ठेवलाय आणि तो दाखवून तो त्याच बांधीत नांगर घालतोय, असा हा प्रकार. हल्लेखोर मुद्दाम त्या मोकळ्या झालेल्या जागेत आपला मजकूर आणून बसवतो. जुना पत्ता धरून चाललेला भाग तो मजकूर आपलाच समजून वापरतो आणि संगणक परक्याच्या सांगण्यावर चालू लागतो. क्रोम बनवणाऱ्यांनीच २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरव्यवस्थेतून आलेले आहेत आणि त्यातले निम्मे नेमके याच जातीचे आहेत.

दुसरी जात वेगाच्या पोटातून आली. २ सप्टेंबर २००८ ला क्रोम आलं. त्यातलं व्ही८ हे इंजिन डेन्मार्कच्या लार्स बाक यांच्या गटाने बनवलं होतं. ओळ वाचायची, अर्थ लावायचा, मग चालवायची ही जुनी रीत सोडून हे इंजिन जावास्क्रिप्टचं थेट यंत्रभाषेत रूपांतर करू लागलं. पुढे इंजिनं अंदाज बांधायलाही शिकली. एखादं काम शेकडो वेळा चाललं आणि प्रत्येक वेळी आकडाच आला, तर इंजिन ठरवतं की इथे नेहमी आकडाच येणार. मग दरवेळची तपासणी काढून टाकतं, आणि त्यातूनच वेग मिळतो. आता कोणी आडवाटेने त्याच जागी आकड्याऐवजी दुसरीच वस्तू सरकवली आणि इंजिनाच्या ते लक्षात आलं नाही, तर वस्तूचा पत्ता आकडा म्हणून वाचला जातो आणि आकडा पत्ता म्हणून. एवढं साधलं की मेमरीत हवं तिथे वाचता-लिहिता येतं.

याची पहिली ठळक प्रचिती फायरफॉक्सने दिली. ३० जून २००९ ला फायरफॉक्स ३.५ आलं, ट्रेसमंकी नावाचं नवं वेगवान इंजिन घेऊन. दोन आठवड्यांतच त्याच्या यंत्रभाषा बनवणाऱ्या भागात मेमरी बिघडवणारी फट सापडली आणि ती वापरण्याची रीत सगळ्यांसमोर उघड झाली. दुरुस्ती येईपर्यंतचा उपाय असा होता: पत्त्याच्या पट्टीत अबाऊट-कॉन्फिग लिहायचं, जावास्क्रिप्टच्या जिट या ओळीवर जायचं आणि ट्रूचं फॉल्स करायचं. म्हणजे नव्यानेच आलेला वेग बंद करायचा. जुलैच्या मध्याला ३.५.१ आलं आणि ती फट बुजली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण सुरक्षा हवी असेल तर वेग सोडा, हे इतक्या उघडपणे त्याआधी कधी दिसलं नव्हतं. नंतर कोणत्याच मोठ्या ब्राउझरने सरसकट वेग सोडला नाही.

सायबर कॅफेतला काळ मात्र इंटरनेट एक्सप्लोरर ६ चा होता. गिऱ्हाईक तासाचे पैसे मोजायचं, एक्सपीवर सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसायचे, आणि त्या ब्राउझरला पानं वेगळ्या कोंडीत चालवायची सोयच नव्हती. एक फट सापडली की पूर्ण संगणक हातचा गेला. १२ जानेवारी २०१० ला गुगलने आपल्यावर हल्ला झाल्याचं जाहीर केलं. त्या हल्ल्यात एक्सप्लोररमधली अशीच परत केलेल्या मेमरीची चूक वापरली होती. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी लोकांना तो ब्राउझर तूर्त वापरू नका असं सांगितलं. आमच्याकडे त्यानंतरही एका कार्यालयाचं पोर्टल फक्त एक्सप्लोररमध्येच उघडायचं. काम करायचं तर तोच ठेवणं भाग होतं. याचा मला आजही राग येतो.

हे सगळं दूरदेशीचं आहे असं मानणाऱ्यांनी २०१९ आठवावं. त्या वर्षी व्हॉट्सॲपच्या कॉलच्या भागातल्या मेमरीच्या चुकीतून पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १,४०० फोनांवर सोडण्यात आल्याचं उघड झालं. ऑक्टोबरअखेर वर्तमानपत्रांत जी नावं आली, त्यात नागपूरचे वकील होते. नागपूर म्हणजे आमच्या गाडीचा शेवटचा थांबा. ती चूक ब्राउझरमधली नव्हती, पण याच पेगाससने २०१६ साली आयफोनमध्ये शिरायला सफारीच्या इंजिनातली मेमरीची फट वापरली होती. तेव्हा एका दुव्यावर बोट ठेवणं पुरेसं होतं.

आता दुरुस्ती किती वेगाने होते ते बघा. व्ही८ मधली वस्तूंची अदलाबदल करणारी एक फट, जिचा आधीच गैरवापर सुरू होता, ती ११ एप्रिल २०२३ ला गुगलच्याच क्लेमां लसीन्य यांनी कळवली. १४ तारखेला दुरुस्त क्रोम बाहेर पडलं. तीन दिवस. मी या कामाला मनापासून दाद देतो. पण ते क्रोम ११२ होतं आणि विंडोज ७ वरच्या संगणकांचा रस्ता त्याच जानेवारीत १०९ वर संपला होता. फट कोणत्या दिवशी सापडली याने गावाला फरक पडत नाही. आपल्या विंडोजचा आधार कोणत्या दिवशी संपला, याने पडतो.

नवं विंडोज असलं तरी अपडेट आपोआप लागू होत नाही, ब्राउझर बंद करून उघडावा लागतो. उजवीकडचे तीन ठिपके, हेल्प, अबाऊट गुगल क्रोम, फिरणारं वर्तुळ आणि मग रीलाँच. धान विक्रीच्या नोंदणीच्या दिवसांत हे एक बटण दाबणं किती जड असतं, ते केंद्रात बसणाऱ्यालाच कळतं. समोर अर्धा भरलेला अर्ज, शेतकऱ्याच्या फोनवर आलेला ओटीपी, मागे रांग.

"आता काहून बंद केलं जी?"

"दोन मिनिटं थांबा काकाजी, नवीन करून घेतो."

मी सकाळी शटर उघडल्यावर पहिलं काम तेच करतो, रांग लागायच्या आत. माझ्या एका संगणकावरून गावातल्या शेकडो घरांचं आधार, पासबुक, सातबारा जातं. तिथे जुनं क्रोम ठेवणं म्हणजे त्या सगळ्यांच्या वतीने धोका पत्करणं, आणि तो अधिकार मला कोणी दिलेला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये व्ही८ च्या लोकांनी मोकळेपणाने मांडलं की २०२१ ते २०२३ या काळात क्रोमवर जे खरेखुरे हल्ले पकडले गेले, त्यांत पहिली फट ६० टक्के वेळा व्ही८ मधलीच होती. रस्टसारखी मेमरी जपणारी भाषा वापरूनही हे सुटत नाही, कारण चूक इंजिनाच्या अंदाजात असते आणि यंत्रभाषा ते स्वतः तयार करतं. म्हणून त्यांनी इंजिनाभोवती कुंपण घातलं. इंजिनाची मेमरी एका राखीव टापूत कोंडायची, म्हणजे आत गोंधळ झाला तरी तो बाहेर पसरणार नाही. या कुंपणासाठी एक टेराबाइट एवढे आभासी पत्ते राखून ठेवावे लागतात, आणि ते फक्त ६४ बिटच्या संगणकावरच जमतं. दोन जीबी रॅम आणि ३२ बिटचं विंडोज असलेल्या टेबलाला ते मिळत नाही, आणि अशी टेबलं आमच्या तालुक्यात आजही कामावर आहेत. तपासणीला येणारे केंद्राच्या नोंदवहीत संगणक, प्रिंटर, स्कॅनर यांची संख्या बघतात. त्या वहीत आणखी तीन रकाने हवेत, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो: विंडोज कोणतं, ३२ की ६४ बिट, आणि आज क्रोमचा नंबर किती.