जुनी एसयूव्ही, मागे नौका आणि लांबचा पल्ला

अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की महामार्गांवर एक दृश्य हमखास दिसते. पुढे एखादी जुनी एसयूव्ही आणि तिच्यामागे दुचाकी ट्रेलरवर बांधलेली लहान नौका. मिनेसोटा या एका राज्यात दहा एकर वा त्याहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे आहेत, तर पश्चिमेकडील राज्यांत धरणांचे विशाल जलाशय दूरदूर विखुरलेले आहेत. त्यामुळे नौका घराच्या अंगणात ठेवायची आणि सुटीत हव्या त्या सरोवराकडे ओढून न्यायची, अशी पद्धत तेथील अनेक कुटुंबांत रूढ आहे.

ओढणारे वाहन बहुधा नवे नसते. एस अँड पी ग्लोबल मोबिलिटी या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ साली अमेरिकेतील मोटारी व हलक्या वाहनांचे सरासरी वय १२.६ वर्षे होते. आपल्याकडे 'मायलेज' म्हणजे एका लिटरमध्ये कापले जाणारे अंतर. तेथे 'हाय मायलेज' वाहन म्हणजे मीटरवर भरपूर अंतर पडलेले वाहन. तीन लाख किलोमीटर धावलेल्या एसयूव्हीने हजार किलोमीटरवर नौका न्यावी काय, या प्रश्नाचे उत्तर वाहनाच्या वयापेक्षा त्याच्या निगेवर आणि वजनाच्या हिशेबावर अवलंबून असते.

वजनाचा हिशेब

नौका लहान असली तरी ओझे लहान नसते. सुमारे पाच मीटर लांबीची ॲल्युमिनियमची मासेमारी नौका ४५० किलोंची धरली, तर साठ अश्वशक्तीचे इंजिन आणखी ११० किलोंचे होते. ट्रेलरचे २७० किलो, ८० लिटर पेट्रोलचे ६० किलो आणि बॅटऱ्या, नांगर, जीवरक्षक जाकिटे, बर्फपेटी व इतर सामानाचे १५० किलो मिळवले, की बेरीज १,०४० किलोंवर जाते. माहितीपत्रकात मात्र अनेकदा केवळ रिकाम्या नौकेचे वजन दिलेले असते. म्हणूनच निघण्यापूर्वी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेणे इष्ट ठरते.

एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार वाहनाच्या मागील जोडावर यावा, असा अमेरिकेतील संकेत आहे. वरील उदाहरणात तो १०४ ते १५६ किलो होतो. हा भार म्हणजे जणू मागे बसलेले दोन प्रवासीच. वाहनाच्या भारवहन क्षमतेतून तो वजा करावा लागतो. भार फार कमी पडल्यास ट्रेलर डावीकडे-उजवीकडे डोलू लागतो; फार वाढल्यास वाहनाची मागील बाजू दबते आणि पुढील चाकांची रस्त्यावरील पकड सैल होते.

क्षमतेची कसोटी

वाहन किती वजन ओढू शकते, हे पूर्वी प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवीत असे. २००८ साली 'एसएई जे २८०७' हे समान मानक प्रसिद्ध झाले आणि पुढील काळात उत्पादकांनी ते टप्प्याटप्प्याने स्वीकारले. त्यातील एक चाचणी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर आधारलेली आहे. या अंतरात रस्ता सुमारे ९०० मीटर उंची गाठतो. सुमारे ३८ अंश सेल्सिअस वा अधिक तापमानात, वातानुकूलन यंत्रणा पूर्ण चालू ठेवून वाहनाला ठरावीक किमान वेग राखावा लागतो. या मानकापूर्वीच्या वाहनांच्या पुस्तिकेतील आकडा मर्यादेच्या टोकाचा समजून बराच हात राखणे शहाणपणाचे असते.

उष्णतेचा धोका

ओझे ओढताना जुन्या वाहनात सर्वाधिक ताण येतो तो स्वयंचलित गिअरबॉक्सवर. चढावर गिअर वारंवार बदलत राहिल्यास त्यातील तेल तापते आणि तापलेल्या तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते. यासाठी उच्चतम गिअर अर्थात 'ओव्हरड्राइव्ह' बंद ठेवणे, तेल वेळेपूर्वी बदलणे आणि तेल थंड करणारा स्वतंत्र कूलर बसवणे हे उपाय प्रचलित आहेत.

अनेक वाहनांत हे तेल रेडिएटरच्याच टाकीतील नळीतून फिरून थंड होते. वर्षानुवर्षांच्या गंजाने ही नळी फुटली, तर तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. गुलाबी दुधासारखा रंग दिसू लागला, की गिअरबॉक्सची हानी सुरू झाली असे समजावे. जुना रेडिएटर प्रवासापूर्वीच बदलणे त्यामानाने फारच स्वस्त पडते.

ब्रेक आणि वेग

अमेरिकेतील अनेक राज्यांत सुमारे १,३६० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. नौकेचा ट्रेलर पाण्यात उतरवावा लागत असल्याने त्याला बहुधा 'सर्ज' पद्धतीचे ब्रेक असतात. पुढील वाहन मंदावले की ट्रेलर पुढे रेटला जातो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. उतारावर मात्र खालच्या गिअरमध्येच उतरणे श्रेयस्कर. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैल म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. वेग ८८ वरून १०५ किलोमीटरवर नेल्यास थांबवावी लागणारी गतिज ऊर्जा ४० टक्क्यांहून अधिक वाढते. ट्रेलर डोलू लागल्यास जोरात ब्रेक दाबणे घातक ठरते. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढून स्टिअरिंग सरळ धरावे लागते.

बेअरिंग आणि टायर

नौकेच्या ट्रेलरचे सर्वांत दुबळे अंग म्हणजे चाकांचे बेअरिंग. लांबच्या प्रवासाने तापलेला चाकाचा तुंबा सरोवराच्या थंड पाण्यात बुडताच आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस खराब होते, गंज चढतो आणि परतीच्या वाटेवर बेअरिंग जाम होऊन चाक निखळू शकते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी चाके निवू दिली जातात. प्रत्येक थांब्यावर तुंब्याला हात लावून पाहण्याची सवयही उपयोगी ठरते. तो कोमट असल्यास चिंता नसते. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने खराब होतात. वर्षातील बहुतांश काळ उन्हात उभे राहिल्याने रबराला तडे जातात. कमी हवेचा टायर तापून फुटतो. मोटारीची स्टेपनी ट्रेलरला बसतेच असे नाही. त्यामुळे ट्रेलरची वेगळी स्टेपनी आणि योग्य पाना सोबत लागतो.

पाण्याबरोबर जाणारे संकट

या प्रवासाची आणखी एक बाजू सरोवरांशी निगडित आहे. पूर्व युरोपातील क्वागा शिंपले मोठ्या जहाजांच्या संतुलन-टाक्यांतील पाण्यातून १९८० च्या दशकात ग्रेट लेक्समध्ये पोहोचले. जानेवारी २००७ मध्ये ते पश्चिमेकडील लेक मीड जलाशयात आढळले. ओढून आणलेल्या नौकेबरोबरच ते तेथे आले असावेत, असे मानले जाते. हे शिंपले पाणीपुरवठ्याचे नळ बुजवतात आणि माशांचे अन्न फस्त करतात. सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहो राज्यात स्नेक नदीत ते सापडले, तेव्हा नदीच्या एका भागात तांबेयुक्त रसायन सोडावे लागले.

थंड व दमट हवेत हे जीव पाण्याबाहेरही कित्येक दिवस तग धरतात. त्यामुळे अनेक राज्यांत नौकांची तपासणी केंद्रे उभारण्यात आली आहेत. नौका धुणे, तळातील पाणी पूर्ण काढणे आणि ती कोरडी करणे, हे तीन नियम तेथे सांगितले जातात. ट्रेलरला अखेरचा दोर बांधण्याआधी घेतलेली ही दक्षता रस्त्यावरील प्रवाशांइतकीच पुढच्या सरोवरालाही सुरक्षित ठेवते.