नाव गेलं, सावली राहिली

एखादी इमारत आवडली की आपण लगेच विचारतो, कुणी बांधली? पण बागेत गेल्यावर 'ही कुणी आखली?' असं विचारलेलं मी तरी फारसं ऐकलेलं नाही. झाडं काय, उगवतातच... अशी आपली समजूत. आमच्या भाचीने लँडस्केप आर्किटेक्चरला प्रवेश घेतल्यापासून घरातल्या मोठ्यांचे "म्हणजे नक्की करणार काय ती?" असे फोन येताहेत. म्हटलं, व्याख्या सांगण्यापेक्षा एका कंपनीची गोष्टच सांगावी.

कंपनीचं नाव ईडीएडब्ल्यू. एक्बो, डीन, ऑस्टिन आणि विल्यम्स या चौघांची आद्याक्षरं. ती कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे पाहिलं की गंमत वाटते आणि थोडी हुरहूरही.

गॅरेट एक्बो (१९१०-२०००) कॅलिफोर्नियात वाढला. हार्वर्डला शिकायला गेला तर तिथे जुन्या युरोपी थाटाच्या बागांचेच धडे. त्याला आणि डॅन कायली, जेम्स रोझ या वर्गमित्रांना ते पटेना. माणसांचं जगणं बदललं, मग बागा जुन्याच का, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

शिकून तो कॅलिफोर्नियात परतला तेव्हा दुष्काळाने आणि मंदीने देशोधडीला लागलेली कुटुंबं मोटारीत संसार कोंबून तिथे शेतमजुरीला येत होती. सरकारच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनने त्यांच्यासाठी वसाहती उभारल्या. त्या आखणाऱ्यांमध्ये एक्बो होता. सपाट, रखरखीत जमीन आणि निवाऱ्यांच्या रांगा. तिथे झाडांच्या ओळी लावून वारा अडवायचा, सावली करायची, मुलांना खेळायला आणि मोठ्यांना टेकायला जागा काढायची. ज्याच्याकडे स्वतःचं घरही नाही, त्यालाही सावलीचा हक्क आहे, हे त्यामागचं गृहीतक. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे.

याच सुमारास त्याने एडवर्ड विल्यम्सबरोबर काम सुरू केलं. विल्यम्स त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ. म्हणजे सुरुवात अगदी घरगुती! १९४५ मध्ये रॉबर्ट रॉयस्टन भागीदार झाला. पालो आल्टोजवळ लडेरा इथे एका सहकारी संस्थेला सुमारे ४०० घरांची वसाहत करायची होती. बागा आणि मोकळ्या जागा यांच्याकडे, आणि घरांच्या आर्किटेक्टांपैकी एक जोसेफ ॲलन स्टाइन. संस्थेत काही कृष्णवर्णीय कुटुंबंही होती. तेवढ्यावरून सरकारी यंत्रणेने कर्जाला हमी नाकारली आणि ती योजना मोडली. आराखडा कितीही चांगला असो, जमिनीवर कुणी राहायचं हे ठरवणारे वेगळेच असतात.

रॉयस्टन १९५८ मध्ये बाहेर पडला आणि १९६४ मध्ये फ्रान्सिस डीन व डॉन ऑस्टिन यांच्यासह चौघांची नवी भागीदारी झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात फुल्टन मॉल खुला झाला. मुख्य बाजारपेठेचे सहा ब्लॉक मोटारींना बंद करून एक्बोने तिथे झाडं, कारंजी, बाक आणि शिल्पं यांची रचना केली होती. चालणाऱ्यांचा रस्ता! पण पुढे शहर उत्तरेकडे पसरलं, मोठी दुकानं तिकडे गेली, कारंजी कोरडी पडली. जुन्या रस्त्यावर उठबस करणारे लोक होते, पण पैसा नव्हता. वाचवायचे प्रयत्न झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी ते सगळं उखडलं गेलं आणि २०१७ मध्ये तिथून पुन्हा मोटारी धावू लागल्या.

आता लडेराचा तो स्टाइन आठवा. तो १९५२ मध्ये भारतात आला आणि पुढे दिल्लीचाच झाला. इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्याचंच. त्या भागात त्याच्या इतक्या इमारती आहेत की लोक गमतीने 'स्टाइनाबाद' म्हणतात. १९६८ मध्ये त्याने आणि एक्बोने मिळून शेजारच्या लोदी गार्डनची नव्याने आखणी केली. मूळची बाग इंग्रजांची, १९३६ ची. तेव्हा 'लेडी विलिंग्डन पार्क' नाव होतं, आणि ती करताना खैरपूर नावाचं गाव हलवलं गेलं. म्हणजे या हिरवळीखालीही कुणाचं तरी घर आहे, हेही विसरू नये. आज तिथे सय्यद आणि लोदी काळातल्या कबरींभोवती लोक डबे उघडून बसतात, आजोबा प्राणायाम करतात. त्यांतल्या किती जणांनी एक्बोचं नाव ऐकलं असेल?

एक्बो १९७९ मध्ये कंपनीतून बाहेर पडला. कंपनी मात्र वाढतच गेली. अटलांटातलं १९९६ च्या ऑलिंपिकचं सेंटेनियल पार्क तिचं. तिथे पायाखालच्या हजारो विटांवर वर्गणीदारांची नावं कोरली आहेत! बॉम्बस्फोटानंतर मँचेस्टरच्या मध्यवस्तीचा आराखडा, चीनमधल्या सुझोऊचा जिंजी तलाव परिसर, लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिक पार्कच्या आराखड्याचं नेतृत्व... २००५ मध्ये एकॉम या बड्या कंपनीने ती विकत घेतली आणि २००९ मध्ये नावही काढून टाकलं. लंडनचे खेळ सुरू झाले तेव्हा ती चार अक्षरं कुठेच नव्हती.

मजुरांच्या तळापासून ऑलिंपिकपर्यंत. ही प्रगती की घसरण? मला दोन्ही शब्द पुरे वाटत नाहीत. जगभर कामं करायची तर पैसा लागतो, मोठी यंत्रणा लागते, आणि यंत्रणा मोठी झाली की ती विकलीही जाते. त्यात एक्बोचा तो सावलीच्या हक्काचा आग्रह किती उरला असेल, असं मात्र वाटून जातं.

फ्रेस्नो आणि दिल्ली, दोन्हीकडे आखणारा हात एकच. दिल्लीत रोज कुणीतरी पाणी घालतं, पालापाचोळा उचलतं, वाळलेलं झाड काढून नवं लावतं. फ्रेस्नोत तसा खर्च करणारं कुणी उरलं नाही. म्हणजे बागेचा वारसा आखणाऱ्याच्या हातात निम्माच असतो. उरलेला निम्मा नगरपालिकेच्या बजेटात आणि माळ्याच्या पाइपात. त्या माळ्याचं नाव तर कुठल्याच विटेवर नसतं.

असो. तुमच्या गावातली जुनी बाग कुणी आखली आणि आज तिला पाणी कोण घालतं, ठाऊक असेल तर जरूर कळवा.